शाळा सोडण्याचे कारण

मार्च सरत आला होता. मी गच्चीवर गव्हाला ऊन देत बसले होते, तेवढ्यात लेकाचा फोन आला. "आई, तुझ्या खात्यातलं एक विचारायचंय. लेकीचा शाळेचा दाखला काढतोय. फॉर्मवर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना आहे. काय लिहू?" खरं कारण लिहायला तो संकोचत होता. नोकरी कुठूनही करता येईल अशी मुभा त्यानं मिळवली होती, पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला होता, आणि नवरा-बायको दोन लेकरांना घेऊन मलेशियातल्या लंकावी बेटापाशी शिडाच्या बोटीवर राहायला निघाली होती. एवढं सगळं त्या बोटभर रकान्यात बसणार कसं? मी म्हटलं, "पालकांचे स्थलांतर, असं लिही. त्यावर कुणी काही विचारत नाही." तो खूश होऊन "बेस्ट" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यावर कुणी काही विचारत नाही, हे मी अनुभवानं सांगितलं होतं. पण सांगून झाल्यावर तेच वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं.

माझी उभी नोकरी बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. तिथं शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दसऱ्याला निम्मं संपतं. सीमोल्लंघन झालं की गावात ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली वाढायच्या, उचलीचे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचे, हिशोब ओट्या-ओट्यांवर व्हायचे, आणि दिवाळीच्या आसपास एका रात्री ट्रॅक्टर येऊन उभे राहायचे. ट्रॉली भरताना मी कितीदा बघितलीय. बांबू आणि ताडपत्री तळाला. त्यावर ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी, परात, तवा, घागरी. कोंबड्यांचं डालगं कडेला बांधलेलं. पहिल्या मुक्कामाला लागणारं सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे ते वर राहतं. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात नाही. सगळ्यात वर, गोधड्यांवर, माझा वर्ग बसलेला. तिसरीतली, चौथीतली पोरं मला बघून हात हलवायची. सहलीला निघाल्यासारखी खुशीत असायची ती, आणि मला मात्र हजेरीपट दिसायचा. पुढचे पाच-सहा महिने कुठल्या तरी साखर कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत त्यांचं घर. आई-बाप पहाटे चारला ऊस तोडायला गेले की पाठचं भावंड सांभाळायचं, पाणी आणायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. परत यायची ती उन्हं तापल्यावर, परीक्षेच्या तोंडावर, आणि जूनमध्ये पाढे पुन्हा दोनपासून.

त्या ट्रॉलीपाशी जाऊन मी भांडलेय. "पोरीला ठेवून जा, मी बघते," असं म्हणून एका चौथीतल्या मुलीचा हात धरून तिला खाली उतरवलंय, आणि तिच्या आईनं शांतपणे तिला पुन्हा वर बसवलेलं पाहिलंय. "धाकट्याला कोन धरंल, बाई?" या प्रश्नाला शिक्षण खात्याकडं उत्तर नव्हतं. पुढं हंगामी वसतिगृहं आली, शिक्षण हमी कार्ड आलं; मूल जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं, म्हणजे तिथं बसता येतं. मी ती कार्डं सुवाच्य अक्षरात भरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायची. त्यातली किती शाळेपर्यंत पोचली आणि किती पत्र्याच्या पेटीत तळाला राहिली, ते त्या कार्डांनाच ठाऊक. आणि जी पोरं वर्षाच्या मधेच कायमची गळायची, त्यांच्या नावापुढं मी लिहायची, पालकांचे स्थलांतर.

आता तेच दोन शब्द मी माझ्याच नातीसाठी सांगितले होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. अंबाजोगाईला नळाचं पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या बाईनं चारी बाजूंनी पाणी असलेल्या घरात राहायला जायचं, यावर आमच्या गल्लीत बरेच विनोद झाले. बोट सदतीस फुटांची, माझ्या लेकाहून थोडीशीच तरुण. आमच्यासारख्यांना यॉट म्हटलं की पांढरीशुभ्र, श्रीमंतांची, वर गॉगल घातलेली माणसं अशी काहीतरी दिसते. ही तशी नव्हती. एका म्हाताऱ्या जोडप्यानं वय झालं म्हणून विकायला काढलेली, कठड्याला गंज आलेली, आणि गाद्यांना ओल धरलेली. लंकावी बेट विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे, त्यामुळे तिकडं चक्रीवादळं सहसा पोचत नाहीत. शिवाय बेट करमुक्त, म्हणून जगभर फिरून थकलेल्या पुष्कळ बोटी तिथं येऊन विसावतात आणि विकल्या जातात. लेकानं तिथंच ती घेतली. शीड काय, सुकाणू काय, दोघांनी दोन आठवड्यांच्या शिकवणीत जेवढं कळलं तेवढं. लेक पोहायला शिकला होता तो विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. सूनबाई परभणीची, ती तर चाळिशीला टेकल्यावर पुण्याच्या तलावात पोहायला शिकली, तेही या बोटीपायी.

रबरी होडीतून मला बोटीवर ओढून घेतलं तेव्हा आधी वास आला. डिझेल, ओली गादी आणि फोडणीतला कढीपत्ता, तिन्ही एकत्र. खाली तीन-चार पायऱ्या उतरून गेलं की मधोमध एक टेबल, दोन्हीकडं बाकं, बाकांखाली कप्पे. कप्प्यांवर कागद चिकटवलेले: डाळी, स्क्रू, औषधं, दोऱ्या, 'फक्त संकटात'. लोणच्याच्या बरण्यांना लेकराचे जुने मोजे घातलेले, म्हणजे बोट कलली तरी एकमेकींवर आपटत नाहीत. तवा-कढया कुठं, पिठाचा डबा कुठं, हे अंधारातही हाताला सापडलं पाहिजे, असा सूनबाईचा दंडक. मी ते सगळं उघडून बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ट्रॉली नीट भरलीय." तिला वाटलं मी कौतुक करतेय. ते होतंच कौतुक, पण तिच्या एकटीचं नव्हतं.

शेगडी तिथं टांगलेली असते. बोट एका बाजूला झुकली तरी शेगडी आपल्या वजनानं सरळ राहते, आणि पातेल्याला दोन्हीकडून लोखंडी चिमटे लावलेले असतात. गॅसचं मात्र फार कडक. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराच्या फटीतून तरी निघून जाईल, पण बोटीच्या तळाला दार नाही. तो तळाशी साचत राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेर, डेकवरच्या स्वतंत्र खणात, आणि त्या खणाला समुद्राकडं उघडणारं भोक. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस शेगडीवर जळू द्यायचा, मग शेगडीची कळ फिरवायची. चार वर्षांचा नातू हे काम बघायचा. ज्योत विझली की तो मोठ्यानं विचारणार, "गॅस?" आणि स्वयंपाक करणाऱ्यानं उत्तर द्यायचं, "बंद!" उत्तर आल्याशिवाय तो जेवायला बसायचा नाही. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली, तर त्यानं मला चुलीपासून हलू दिलं नाही.

पाण्याच्या दोन टाक्या, मिळून तीनशे लिटर. ते संपलं की कुठल्या तरी धक्क्याला लागून भरायचं, नाहीतर रबरी होडीतून कॅन वाहायचे. म्हणून भांडी घासायला एक पायानं दाबायचा पंप, त्यातून समुद्राचं पाणी येतं. गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. आंघोळ समुद्रात, वर दोन तांबे गोडं. केस धुवायचे ते आठवड्याच्या वाराला. हे शिकायला त्यांना काही महिने लागले होते म्हणे. पहिल्यांदा भरलेल्या टाक्या त्यांनी चार दिवसांत संपवल्या होत्या. मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी एका पेल्यात पाच ताटल्या विसळल्या तेव्हा लेकानं मोबाईल काढून व्हिडिओ घेतला आणि मित्रांना दाखवायला म्हणून "आई इज अ प्रो" असं काहीतरी लिहिलं. सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र बर्थवर पडल्या-पडल्या मला उगाच राग आला. आमच्यापासून दीड तासावरच्या लातूरला 2016 साली पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या उन्हाळ्यात एका पेल्यात पाच ताटल्या विसळणाऱ्या बाया घरोघर होत्या आणि त्यांचा कुणी व्हिडिओ काढला असता तर त्यांनी तोंडावर पदर घेतला असता. लेकाचं काही चुकलं नव्हतं. तोही त्याच टंचाईत वाढलाय, शाळेतून आल्यावर हापशावर नंबर लावलाय त्यानं. पण त्या टंचाईतून बाहेर पडायलाच तर आपण त्याला शिकवलं, आणि हा शिकून-सवरून, पैसे मोजून पुन्हा तीनशे लिटरांत येऊन बसला, याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. अजूनही फारसं समजलेलं नाही.

संडासावर तर त्यानं मला रीतसर व्याख्यान दिलं. हातानं मारायचा पंप, आधी कुठली कळ, मग किती दट्टे, आणि तुम्ही आधी खाल्लेलं नाही असं काहीही त्यात टाकायचं नाही. तो अडकला तर उघडून साफ करायचं काम कॅप्टनचं, म्हणजे त्याचंच. कपाटाएवढी ती जागा, पण दार होतं आणि दाराला कडी होती. मला फडावरच्या बायका आठवल्या, अंधार असतानाच उठून लांब जाणाऱ्या, दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून अंगावर दुखणी काढणाऱ्या. 2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा पेपरात वाचला त्या दिवशी मी माझ्या जुन्या हजेरीपटांतली मुलींची नावं मनात उजळत बसले होते. बोटीवरच्या त्या कडी लावलेल्या कपाटात बसून हे आठवणं विचित्र होतं खरं. पण आठवणीला कुठं जागेचं भान असतं?

नातीची शाळा सकाळी नऊला, त्याच टेबलावर. भाषेला बालभारतीची पुस्तकं, मीच पाठवलेली. विज्ञानाला इंटरनेट, सिग्नल असला तर. मी एक कोपरा धरून बसायची आणि तोंड मिटून राहायचं ठरवायची. गणित मात्र बघण्यासारखं. नवव्या वर्षी ती नांगराच्या साखळीचा हिशोब करते. पाणी सहा मीटर खोल. भरतीला आणखी तीन मीटर चढणार. पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, एक मीटर. झाले दहा. साखळी सोडायची त्याच्या पाचपट, म्हणजे पन्नास मीटर. कारण नांगर वजनानं धरत नाही, साखळी तळाशी आडवी पडली की ओढ आडवी लागते आणि नांगर मातीत रुततो. साखळीला दर दहा मीटरवर वेगळ्या रंगाचा पट्टा. साखळी खडखडत सुटली की ही नाळेवर पालथी पडून रंग ओरडणार, "लाल! पिवळा! निळा!" सुकाणूवर बाप, पुढं आई, आणि इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून दोघांत हातांच्या खुणा ठरलेल्या. या खुणा ठरण्याआधी नांगर टाकताना दोघं इतकी कचाकच भांडायची म्हणे, की शेजारच्या बोटीवरचे लोक चहाचे कप घेऊन बाहेर येऊन बसायचे. नांगर टाकणं हा तिथला फुकटचा तमाशा आहे. नवा माणूस आला की सगळे बघतात. आता यांना वर्ष झाल्यावर हेही कप घेऊन बसतात, हे मी स्वतः पाहिलं.

पाचपट समजावायला मला वर्गात काड्यांचे गठ्ठे लागायचे. ही पोरगी पाचपट चुकली तर बोट वाहून जाईल हे जाणून गणित करत होती. मला कौतुक वाटलं, हे नाकारत नाही. आणि लगेच मनात आलं, माझ्या वर्गातली पोरंही मोळ्या मोजायची, टनाचा भाव, उचलीतून किती फिटले आणि किती राहिले, हे तोंडी सांगायची. त्याला आम्ही कधी शिक्षण म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं का? मला नाही वाटत. उचलीचा हिशोब येणारी ती पोरगी सहावीत शाळा सोडून पुढच्या हंगामात स्वतः कोयता, म्हणजे ऊसतोडीची मजूर, झाली. तिच्या अनुभवाचं गुणगान करून मी तिची फसवणूक का करू? नातीला साखळीचा हिशोब येतो आणि उद्या कंटाळा आला तर तिचा बाप बोट विकून पुण्याच्या फ्लॅटवर परत जाऊ शकतो. माझा सगळा घोळ या शेवटच्या वाक्यापाशी येऊन थांबतो.

एकदा नातीनं विचारलं, "आजी, मराठवाड्याला समुद्र का नाही?" आठ जिल्हे, एकालाही किनारा नाही, हे तिनं नकाशावर शोधून काढलं होतं. बाईला असा प्रश्न विचारला की ती सुटते. मी तिला पैठण दाखवलं, धाराशिव जिल्ह्यातलं तेर दाखवलं. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक जाणणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जंत्री लिहून ठेवलीय, 'पेरिप्लस' नावाची. त्यात पैठण आणि तेर दोन्ही आहेत. गुजरातेतल्या भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला तेर दहा दिवसांच्या. तिथला माल रस्ते नसलेल्या रानांतून गाड्यांवर घालून भडोचला जायचा आणि तिथून गलबतांत चढायचा. पुढं सातवाहनांच्या यज्ञश्री सातकर्णीनं तर नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज छापलं. नात म्हणाली, "म्हणजे गाड्या आपल्या आणि बोटी दुसऱ्यांच्या?" मी म्हटलं, अंदाजे तसंच. तिला ते पटलं नाही. तिनं वहीत पैठणच्या बाजूला एक बोट काढली.

मे महिन्यात तिकडं पहाटे वादळं येतात. पलीकडच्या सुमात्रा बेटाकडून येतात, म्हणून त्यांचं नावच 'सुमात्रा'. आधी काही कळत नाही. उकडत असतं, पाणी तेलकट, पंखा गरगरत असतो. मग पश्चिमेला विजांची एक ओळ दिसते आणि अर्ध्या तासात वारा ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं येऊन आदळतो. त्या पहाटे लेकाच्या मोबाईलमधला नांगराचा भोंगा वाजला. बोट ठरलेल्या वर्तुळाच्या बाहेर सरकली की तो वाजतो. पुढच्या मिनिटभरात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. लेक इंजिन सुरू करून सुकाणूवर, सूनबाई कमरेला पट्टा अडकवून नाळेकडं सरपटत, आणखी साखळी सोडायला. नात पायरीवर बसून खोलीचा आकडा मोठ्यानं वाचत होती. धाकट्याला लाइफजॅकेट घालून माझ्या मांडीत कोंबलं आणि माझ्यासाठी सूचना एकच: याला सोडू नका. डोक्यावर पाऊस पत्र्यासारखा वाजत होता, कप्प्यांतली सगळी भांडी बोलायला लागली होती. मला रामरक्षा आठवेना. पाढे आठवले. मी आणि नातू बेच्या पाढ्यापासून सुरू करून सातापर्यंत गेलो, आणि आठाच्या पाढ्यावर वारा पडला.

उजाडल्यावर साखळी वर घेताना तिच्याबरोबर राखाडी चिखल आला, चिकट, जड, कडीकडीत भरलेला. नात बादली आणि ब्रश घेऊन तो धूत बसली आणि कंटाळून "शी, किती चिकट!" म्हणत होती. लेक म्हणाला, चिकट आहे म्हणूनच नांगर धरला. वाळू असती तर गेलो असतो. सूनबाईच्या तळहातांची सालं निघाली होती. ती चहा ठेवत होती आणि तिचे हात थरथरत होते, पण बोलायला लागली ती मागच्या खिडकीच्या रबराबद्दल, पाणी कुठून आत आलं त्याबद्दल. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "आई, पुण्यात मी सकाळी आठला बाहेर पडायचे आणि रात्री आठला यायचे. मुलं मला झोपलेली भेटायची. त्याची भीती वाटायची." एवढं बोलून तिनं आल्याचा तुकडा ठेचला. मी पुढं काही विचारलं नाही. उत्तर खरं होतं, आणि तरी मला वाटत होतं की त्या दोन भीतींच्या मधे कुठंतरी तिसरी जागा असेल की नाही, साधी, सोलापुरी चादरीवर झोपायची.

परतताना बोटीवरून उतरले तेव्हा धाकटा डेकवर उभा होता, पाठीमागून पट्ट्यानं दोरीला अडकवलेला. ही दोरी बोटीच्या पुढपासून मागपर्यंत ताणलेली असते. बारकी लेकरं तिच्यावर पट्टा अडकवून हिंडतात, पडली तरी पाण्यात जात नाहीत. मी त्याचा फोटो काढला.

आषाढात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पाचवीत असताना गेली ती गेलीच. आता नवऱ्याबरोबर तिचा स्वतःचा कोयता आहे. पोरगी पाचवी पास झालीय, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरायचा, म्हणून आली होती. चहा होईपर्यंत मी तिला मोबाईलवरचे फोटो दाखवले. तिनं एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "एवढ्याशात चौघं?" मी म्हटलं, हो. "चूल कुठंय?" दाखवली. धाकट्याच्या फोटोवर ती थांबली. "पोरगं बांधलंय व्हय? आमी पन बांधतो की, गाडीच्या चाकाला. न्हाईतर उसाच्या फडात जातंय, सापकिरडू असतंय." मग तिनं अगदी कामाचा प्रश्न विचारला. "उचल किती घेतली, बाई?"

मी सांगितलं, उचल नाही. त्यांनी आपले पैसे घालून बोट घेतली.

"आपले पैशे घालून?" ती मला नीट बघत राहिली, थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग जी हसायला लागली, पदर तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मलाही हसू आवरेना. कामवाली बाई आतून डोकावून गेली.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "अन् पोरीची शाळा?"

"बोटीवरच. आई-बाप शिकवतात."

"रोज?"

"रोज. दोन-तीन तास."

तिनं बशीतला चहा संपवला. "तिला हितं ठिवून घ्या, बाई. तुमीच म्हनत हुता न्हवं माझ्या मायला, ठिवून जा म्हनून? माझी माय न्हाई ऐकली."

"माझाही लेक ऐकणार नाही," मी म्हटलं. "आधी तुझीचं बघू. आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, आणि मुकादमाचा दाखला. आणलंय का सगळं?"

"समदं हाय. फोटो तेवढा येकच हाय."

स्टँडसमोर दहा मिनिटांत निघतो, पळ, असं सांगून मी अर्ज पुढं ओढला आणि नावापासून भरायला घेतला.